डावीकडून तिसरा

"मनाली मॅडम का? मी आबाजी बोलतोय, लोधिवलीचा. आज तुमच्या पेपरात मेलोय तो."

आवाज म्हातारा होता, पण त्यात राग नव्हता. कर्जतला मनालीच्या भाड्याच्या खोलीत गॅसवर चहा वर येत होता. तो वर येताना तिला दिसत होता आणि तरी गॅस बारीक करायला हात पुढे होत नव्हता. तिनं दाराच्या फटीत अडकलेला पेपर ओढला आणि आतलं पान उघडलं. निधनाच्या बातम्यांत एका रकान्याची चौकट होती. खाली नाव होतं गजानन ठोंबरे, लोधिवली. वर एक चेहरा, मोठा करून करून रवाळ झालेला. पांढरी टोपी, जाड भुवया, उन्हाकडे बघताना जिवंत माणूस बारीक करतो तसे बारीक केलेले डोळे. चहा उतू गेला.

"दिसलो?" आबाजींनी विचारलं.

"दिसलात, काका."

"नाव गजाचं हाय. तोंड माझं हाय. सवडीनं या तुमी. घाई नाय. मी काय कुठं चाललो नाय."

पनवेलला पेपरच्या डेस्कवर बसणाऱ्या राजेशला तिनं फोन केला तेव्हा तो नुकता उठला होता. "अगं, तूच तर सांगितलंस," तो म्हणाला, "मागची रांग, डावीकडून तिसरा." सांगितलं होतं खरं. काल दुपारी ती खालापूरला कबड्डीच्या मैदानात एका गुडघ्यावर बसली होती, समोर चढाईला आलेला गडी मांडीवर थाप मारत होता, आणि राजेश कानात विचारत होता, की जानेवारीत पळसदरीला ज्येष्ठ नागरिकांची सहल गेली होती, त्यातले एक गृहस्थ वारले, घरच्यांकडे धड फोटो नाही, तुझ्या फोटोत ते आहेत म्हणतात. कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता तिनं सांगून टाकलं. फोटोखालच्या ओळीतली नावं तिनंच लिहून घेतली होती, ती क्रमानं डोक्यात होती. फक्त नावं घेतल्यावर ऐनवेळी एक जण धावत येऊन रांगेत घुसला होता, तो त्या क्रमात नव्हता. "उद्या खुलासा टाकू," राजेश म्हणाला. "आधार कार्डावरचा फोटो मागवून घे आणि सोड. जायची काही गरज नाही. म्हातारी माणसं आहेत, दोन दिवसांत विसरतील." आणि मग जांभई देत, अगदी सहज, "आणि तू जरा जवळून काढत जा ना. तुझ्या फोटोत माणसं म्हणजे मुंग्या. मोठी केली की सगळी एकसारखीच दिसतात."

स्कूटर चौक गावच्या रस्त्याला लागली तरी ती जांभई तिच्या कानात होती. ती लांबूनच फोटो काढते हे राजेशला ठाऊक होतं, पण त्याला कारण ठाऊक नव्हतं. बाबा गेल्यापासून मनाली कुणाच्याही चेहऱ्याजवळ गेली नव्हती. हळदीकुंकू असो, शाळेचं गॅदरिंग असो, मंडळाचं रक्तदान असो नाहीतर रविवारी धरणाच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली मुंबईची पोरं असोत, ती आल्या आल्या दोन पावलं मागं सरायची. "सगळे येऊ द्यात फोटोत," असं म्हणायची, आणि लोकांनाही ते बरं वाटायचं, कारण कुणीच सुटत नसे. मागं डोंगर यायचा, पाणी यायचं, मांडवाची झालर यायची, आणि त्या सगळ्यात माणसं ओळीनं उभी राहायची, लहान, नीटनेटकी, दुखणं-खुपणं न दिसण्याइतकी लांब. असं लांब राहणं हीच आता आपली शैली आहे, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं होतं. त्या शैलीनं आज एका जिवंत माणसाला मारलं होतं. सकाळच्या गारव्यात रस्त्याकडेच्या वालाच्या मळ्यांवर दव होतं, इर्शाळचा सुळका धुक्यातून अर्धाच वर आला होता, आणि तिला वाटत होतं, परत फिरावं. आधार कार्डाचा फोटो मोबाइलवरही मागवता आला असता.

बाबांचा तो फोटो तिनं जवळून काढला होता. बुधाजी भिवपुरीच्या वीजकेंद्रात जन्मभर राबले, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं होतात न होतात तो त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. अपंगत्वाच्या दाखल्याला फोटो हवा होता. स्टुडिओत नेण्याऐवजी मनालीनं दारावर पांढरी चादर टांगली, बाबांना खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा घेऊन गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ गेली. रोज भरवताना, तोंड पुसताना सवयीच्या डोळ्यांना जे दिसेनासं झालं होतं, ते तिला भिंगातून एकदम दिसलं. ओठाची डावी बाजू ओघळली होती, डावा डोळा कुठंच बघत नव्हता, आणि हा माणूस आता फार दिवस राहणार नाही हे कुणीतरी चेहऱ्यावर लिहून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. तिला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, "बाबा, जरा हसा ना." दाखल्याच्या फोटोत हसायचं नसतं. तिला माहीत होतं, बाबांनाही माहीत असणार. तरी ते हसले. अर्धेच हसले. महिन्याभरात ते गेले, धावपळीत दुसरा फोटो कुणी शोधला नाही, तोच मोठा करून आला, आणि आईच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तो वाकडा हसणारा चेहरा कायमचा बसला. जयंतीला, पुण्यतिथीला माणसं येत, त्याच्यापुढं हात जोडत, आणि मनाली प्रत्येक वेळी दुसरीकडे बघे. वडिलांना आपण हसायला लावलं, आणि ते हसू आपण चोरून कायम भिंतीला ठोकलं, असं तिला वाटे. मरणाला चेहरा लागतो, आणि तो निवडायचं काम नेमकं चुकीच्या हाती येतं.

आबाजींचं घर जुन्या हायवेपासून हाकेच्या अंतरावर होतं. ट्रकचे आवाज ओटीपर्यंत येत होते. भिंतीला पाठ टेकून आबाजी बसले होते, पेपर घडी करून मांडीखाली ठेवलेला. फोटोतल्यापेक्षा ते लहान दिसत होते, आणि भुवया तितक्याच जाड होत्या. मनालीनं चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, आणि वाटेत जुळवून ठेवलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावरून सायकलवर चाललेल्या एकानं पाय टेकून विचारलं, "आबा, वरनं कवा आलात?"

"आताच," आबाजी म्हणाले. "तुजी चौकशी करत हुते तितं." सायकलवाला हसत पुढं गेला. तो वळणाआड जाईपर्यंत आबाजींच्या तोंडावर हसू होतं, मग ते गेलं.

"सकाळधरनं हेच चाललंय बग. सून हसती, दूधवाला हसतो. चौकातनं फोन येतात, तेराव्याला काय बेत म्हणून. पैल्यांदा मी पण हसलो, खोटं कशाला बोलू." त्यांनी मांडीखालचा पेपर आणखी आत सारला. "पण गजा खरंच मेलाय गं पोरी. परवा मी त्याला खांदा दिलाय. आता त्याचं नाव काढलं की लोकान्ला माझं तोंड दिसतं अन् हसायला येतं. त्याच्या बायकोच्या, ठमीच्या दारावरनं जाताना पण हसतात. माणूस गेला अन् त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं."

"चूक माझी आहे, काका," मनाली म्हणाली. जुळवलेलं वाक्य लांबलचक होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं.

"ते कळलं. तू आलीस तवाच कळलं. आता काय करायचं ते बोल."

"उद्या खुलासा छापतील. गजाकाकांचा फोटो हवा."

"चल मग," आबाजी म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

गजाचं घर चार घरं सोडून होतं. आत चूल पेटलेली नव्हती. गजाची बायको ठमाबाई माजघराच्या उंबऱ्याशी बसली होती, सडपातळ, ताठ, डोळे कोरडे. मनाली कोण ते आबाजींनी सांगितलं. ठमाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि बसायला पाट पुढं सरकवला. शिव्या दिल्या असत्या तर मनालीला बरं वाटलं असतं. फोटोचा विषय निघाला तेव्हा ठमाबाई उठली, फडताळातून आधार कार्ड काढलं, हातात घेऊन बघितलं आणि पुन्हा आत ठेवून दिलं. "ह्यात तो कुनाचं तरी चोरून आनल्यावानी दिसतो," ती म्हणाली. "असा नव्हता तो. ह्यो नको छापू."

दुसरा फोटो नव्हता. गजा फोटोला उभाच राहत नसे. समोरचा एक दात पडल्यापासून कुणी मोबाइल वर केला की तोंड मिटून मान खाली घालायचा, नाहीतर काहीतरी काम काढून निघून जायचा. मनालीनं पिशवीतून टॅब काढला. सहलीचे सगळे फोटो त्यात होते, पण उघडायला बोट उचलेना. तिला माहीत होतं तिथं काय आहे ते. पाणी, धरणाची भिंत, पळसदरीच्या मागचा डोंगर, टेंपोतून उतरणारी टोप्यांची आणि लुगड्यांची रांग, सगळं लांबून. तिनं रांगेचा फोटो उघडून मोठा केला. तिसरे आबाजी, चौथा गजा. सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघत होती आणि गजा खाली, बाजूला कुठंतरी बघत होता. टोपीचा शेंडा तेवढा दिसत होता.

"मडकं बगत हुता," आबाजी म्हणाले. "पोपटी लावली हुती ना त्यानं, मडक्यात वालाच्या शेंगा भरून. करपंल म्हणून जीव वर-खाली. फोटूपेक्षा त्याला शेंगा मोठ्या."

मनाली एकेक फोटो सरकवत गेली. पाठीमागून, बाजूनं, पुन्हा पाठीमागून. प्रत्येक फोटोबरोबर तिला आपण किती मागं उभे होतो ते मोजल्यासारखं दिसत होतं, आणि या बाईच्या पुढ्यात बसून ते दाखवत जाणं म्हणजे आपलीच झडती आपल्याच हातानं देण्यासारखं होतं. पाणी. भिंत. जाळाचा धूर. आणि मग एकदम, मधे काहीच न येता, टॅब एका चेहऱ्यानं भरून गेला.

तो गजा होता. डोक्यावर टोपी नव्हती, कपाळावर राखेचा पट्टा, गालफडं वर चढलेली, आणि तोंड असं उघडलेलं, की पडलेल्या दाताची खिडकी आधी दिसत होती आणि माणूस नंतर. ओंजळीत वाफाळत्या वालाच्या शेंगा होत्या, ओंजळ पुढं केलेली, बघणाऱ्याच्या अंगावर. त्याच्या खांद्याला खांदा लावून आबाजी काहीतरी बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यालाच तो हसत होता. पुढच्या फोटोत दोघंही हसत होते, थोडे हललेले. तिसऱ्यात नुसती वाफ होती.

हे कुणी काढलं? मनालीला खरोखर आठवेना. सहलीहून परतल्यावर तिनं रांगेचा फोटो पाठवला होता आणि बाकीचे नुसते साठवून ठेवले होते. त्या दिवशी तिच्याकडे एकच लेन्स होती, जवळचं लांब आणि लांबचं जवळ न करणारी साधी लेन्स. चेहरा इतका मोठा यायचा तर हाताच्या अंतरावर जायला हवं. म्हणजे ती गेली होती. आणि मग आधी वास आला. भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो कडवट ओला वास, मडकं रिकामं केल्यावर उठणारा, ओव्याचा, जळक्या गवताचा. धूर तिच्या डोळ्यात गेला होता आणि कुणीतरी म्हणालं होतं, "पोरी, लांबनं काय बगतीस? धर, हात भाजला तर भाजू दे." ती पुढं झाली होती. शेंगेनं बोटं पोळली होती, तिनं शेंग या हातातून त्या हातात उडवली होती, आबाजी काहीतरी चावट बोलले होते, आणि तीही हसली होती, मोठ्यानं, तोंडात वाल असताना. त्याच वेळी कधीतरी दुसऱ्या हातानं बटण दाबलं गेलं होतं. म्हणजे ज्या माणसाच्या ओंजळीतून आपण खाल्लं, त्याच माणसाला काल आपण न बघता डावीकडून तिसरा म्हणालो. तिचा चेहरा तापला. पण त्या लाजेच्या खाली आणखी एक काहीतरी होतं, जरा वेळानं कळणारं. इतके दिवस ती स्वतःला सांगत आली होती की आपण जवळ जाऊ शकत नाही. आणि तिचे हातपाय तिला न विचारता जाऊन आले होते.

ठमाबाई कधी सरकून शेजारी आली होती ते कळलं नाही. तिनं बोट पुढं केलं, गजाच्या गालाला लावलं, आणि फोटो सर्रकन बाजूला गेला. टॅबवर नुसती वाफ उरली.

"गेला?" ठमाबाई म्हणाली.

"नाही मावशी, आहे. हा बघा."

तिनं मागं सरकवून दिला. ठमाबाईनं हात पदरात गुंडाळून घेतला, पुन्हा चुकून लागू नये म्हणून. बराच वेळ ती बघत राहिली. "ह्यो दात माज्यासमोर पडला," ती म्हणाली. "ऊस सोलताना. तवापासनं माज्यासमोर पण तोंडावर हात धरून हसायचा. मी म्हणायची, मी काय परकी हाय का?" तिनं हनुवटीनं टॅबकडे दाखवलं. "हितं धरला नाय हात." आणि मग ती रडायला लागली, सावकाश, गळा मोकळा करून. आबाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांची पाठ हलत होती. आवाज ऐकून शेजारच्या दोघी आल्या, आणखी कुणी आलं, आणि त्यातलं कुणी हसलं नाही.

निघताना ठमाबाई म्हणाली, "दोगांचा छाप. एकट्याचा नको. आबा बाजूला नसता तर तो असा हसलाच नसता. खाली नावं मातर नीट घाल."

राजेश आधी नाही म्हणाला. निधनात एका रकान्यापेक्षा मोठा फोटो घेत नाहीत. मनाली लोधिवलीच्या फाट्यावर, स्कूटरवर बसून बोलत होती. "निधनात खुलासा टाक. हा फोटो परिसरच्या पानावर घे."

"तिथं काय म्हणून घेऊ?"

"पोपटीचा फोटो आहे. लावणाऱ्याचं नाव गजानन ठोंबरे. तो आता नाही, हे शेवटच्या ओळीत लिहू."

पलीकडे तो तिनं पाठवलेला फोटो उघडत होता. मग तो म्हणाला, "हा तू काढलास?"

"हो."

"चार रकाने देतो," राजेश म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता, "सकाळी मी तसं बोलायला नको होतं."

फोटो छापून आला त्या दिवशी ती भिवपुरीला आईकडे, विठाबाईकडे गेली. क्वार्टर सोडल्यावर बाबांनी बांधलेल्या दोन खोल्या, मागं डोंगरावरून वीजकेंद्राकडे उतरणारे पाण्याचे जाडजूड नळ. लहानपणी तिला वाटायचं, त्या नळांत कुणीतरी झोपलंय आणि घोरतंय. विठाबाईनं पेपर आधीच शेजाऱ्यांकडून आणून ठेवला होता, चष्मा लावून दोनदा वाचला होता. जेवताना मनालीनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता, कधी बोलायचं नाही असं ठरवलेलं तेही बोलून गेली. "आई, बाबांचा तो फोटो बदलू या का? दुसरा शोधते मी."

"का गं?"

"तोंड वाकडं दिसतं त्यात. मी उगाच हसायला सांगितलं."

विठाबाईनं घास खाली ठेवला. "दवाखान्यातली ती बाई रोज सांगून दमली, तोंडाचा व्यायाम करा, हसा. एकदा तरी हसले का? माझ्यावर खेकसायचे. तू म्हणालीस अन् जेवढं जमलं तेवढं हसले. मला त्यात वाकडं काय दिसत नाय, मनू. मला तुझं ऐकलेलं दिसतं." मग पुन्हा घास उचलून ती म्हणाली, "तुला बदलायचा तर बदल. पण तो मी माझ्या पेटीत ठेवीन."

सगळं तिला तिथल्या तिथं पटलं असं नाही. इतक्या दिवसांचं वाटणं एका घासात गिळता येत नाही. पण हात धुऊन आल्यावर ती भिंतीसमोर उभी राहिली, आणि या वेळी दुसरीकडे बघितलं नाही. ओघळलेली बाजू होती तशीच होती. उजवी बाजू मात्र तिनं आजवर पाहिलीच नव्हती असं तिला वाटलं. त्या बाजूचा डोळा सरळ भिंगात बघत होता, भिंगामागं कोण आहे ते ओळखून.

रविवारी आई म्हणाली, मला त्या ठमाबाईकडे घेऊन चल. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मनालीनं विचारलं नाही. लोधिवलीला ठमाबाईच्या ओटीवर माणसं होती. चौकची सहलीतली मंडळी आली होती, आबाजी त्यांना चहा देत होते. मनालीला बघून त्यांनी लांबूनच हात केला, कुणाला तरी म्हणाले, "ही आपली पोरगी," आणि पुन्हा किटलीकडे वळले. दोन म्हाताऱ्या माजघरात समोरासमोर बसल्या. मग विठाबाईनं विचारलं की आमच्याकडं पोपटी लावली की खालच्या शेंगा कच्च्या राहतात, तुमचे मालक कसं करायचे. ठमाबाईनं पदर सावरला. मडकं उपडं ठेवायच्या आधी ते पाला दाबून कसे भरायचे, मीठ आणि ओवा कुठल्या थराला टाकायचे, झालं की नाही ते बघायला तापल्या मडक्यावर पाणी कसं शिंपडायचे, ती हातानं दाखवू लागली. थेंब चुर्र करून उडाला की झालं. नाही उडाला तर अजून जाळ. विठाबाई मधेच अडवून म्हणाली की आमचे हे थांबायचेच नाहीत, आधीच फोडायचे. ठमाबाई म्हणाली, घायकुते असतील. विठाबाई म्हणाली, होतेच.

मनालीनं पिशवीतून कॅमेरा काढला. दारातून दोघी छान बसत होत्या चौकटीत, मागं फडताळ, वरून कौलातल्या काचेचा उजेड. ती उंबरा ओलांडून आत गेली आणि जमिनीवर बसली. दोघींच्या मधे जेमतेम एका माणसाला बसता येईल इतकी जागा होती. भिंगात आईचा कान आला, कानामागची पांढरी बट, आणि त्यापलीकडे ठमाबाईची हवेत पाणी शिंपडणारी बोटं, जणू खरंच समोर तापलेलं मडकं होतं. आईनं बोलता बोलता गुडघा जरासा आत घेऊन लेकीला जागा करून दिली, आणि पाणी किती शिंपडायचं ते ठमाबाईला पुन्हा विचारलं.